समुपदेशनात एमए करायचंय? प्रवेशाआधी एवढं तपासा

'काउन्सेलिंगसाठी चांगलं कॉलेज कोणतं?' बीएच्या निकालाचे दिवस आले की हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. इंजिनीअरिंगसारखी इथे कटऑफची उतरंड नाही. एकाच विद्यापीठाचं, एकाच अभ्यासक्रमाचं एमए दोन कॉलेजांतून केलेल्या दोन मुली घ्या. एकीने शाळेत किंवा रुग्णालयात बसून खऱ्या माणसांबरोबर कितीतरी सत्रं घेतलेली असतात. दुसरीने दोन वर्षं वर्गमैत्रिणीलाच 'क्लायंट' करून रोलप्ले केलेला असतो. गुणपत्रिका मात्र दोघींची सारखीच दिसते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कॉलेजचं नाव, इमारत, रँकिंग हे सगळं नंतर बघा. प्रत्यक्ष माणसांबरोबर किती काम करायला मिळणार आणि ते काम कोण तपासणार, हे आधी बघा. महाराष्ट्रातला विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

पायरी १: आधी काम ठरवा, मग पदवी

'मला लोकांशी बोलायला आवडतं' एवढ्यावर पदवी निवडू नका. कुठे बसून काम करायचंय ते ठरवा, कारण प्रत्येक दाराची किल्ली वेगळी आहे.

शाळा-कॉलेजात समुपदेशक व्हायचं असेल तर मानसशास्त्रातलं एमए किंवा समुपदेशनाचं एमए-एमएस्सी चालतं. काही शाळा त्यावर शालेय समुपदेशनाचा डिप्लोमाही मागतात. या क्षेत्रात मागणी वाढण्याचं एक ठोस कारण आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यानुसार १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला हवा. प्रत्यक्षात पदं बऱ्याचदा कंत्राटी असतात आणि एकच माणूस दोन-तीन शाखा सांभाळतो, हेही माहीत असू द्या. आधीच शिक्षक असाल तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा बघा. त्यासाठी महाराष्ट्र आणि गोवा एनसीईआरटीच्याच भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतात.

सरकारी रुग्णालयातलं एचआयव्ही समुपदेशन केंद्र, किशोरवयीन मुलामुलींसाठीचं 'मैत्री' क्लिनिक, पोलीस ठाण्यातला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, कुटुंब न्यायालय ही सगळी समुपदेशनाचीच कामं आहेत. पण यांतल्या बऱ्याच जाहिरातींत एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, मानसशास्त्राच्या बरोबरीने किंवा आधी मागितलेली दिसेल. हा विशेष कक्षच मुळात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत सुरू केला, त्यामुळे त्याची घडण समाजकार्याची आहे. कौटुंबिक हिंसा, पोटगी, मुलांचा ताबा अशा प्रकरणांत काम करायचं असेल तर एमएसडब्ल्यू नाकारायच्या आधी दोनदा विचार करा. बीए मानसशास्त्रात नसेल, बीकॉम किंवा बीएस्सी असेल, तरीही तो रस्ता खुला असतो. मानसशास्त्राच्या एमएला मात्र बरेच विभाग पदवीला मानसशास्त्र असण्याची अट घालतात.

आणि आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो ते. समुपदेशनाचं एमए करून तुम्ही 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' होत नाही. त्या नावाने काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने चालते आणि तिने मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमातूनच ती नोंदणी मिळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट'ची व्याख्याही आरसीआयकडे बोट दाखवते. वर्षानुवर्षं हा रस्ता दोन वर्षांच्या एम.फिल.मधून जायचा. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं, आणि क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला यूजीसीने २०२५-२६ पर्यंतच प्रवेश द्यायची मुभा दिली होती. त्यामुळे 'ताई एम.फिल. करून झाली, मीही तेच करीन' हा हिशेब आता चालणार नाही. अर्ज करायच्या दिवशी आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची आणि संस्थांची यादी स्वतः उघडून बघा. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतल्या 'आरसीआय नॉर्म्सप्रमाणे' या शब्दांवर जाऊ नका. 'प्रमाणे' आणि 'मान्यताप्राप्त' यांत नोंदणी मिळण्या-न मिळण्याचा फरक आहे.

मग साध्या समुपदेशकाचं काय? २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांचा समावेश आहे, आरसीआयच्या कक्षेतले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सोडून. या कायद्याखाली नोंदणीची व्यवस्था उभी राहते आहे. आज एमएला प्रवेश घेणाऱ्याने ही गोष्ट डोक्यात ठेवावी, कारण पुढे नोंदणीसाठी अर्ज करताना तुमचा अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष कामाचे तास तपासले जाऊ शकतात.

पायरी २: घरबसल्या पदवीचा विचार सोडा

नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने मानसशास्त्राचं एमए करणारे पुष्कळ होते. तो मार्ग आता बंद झाला आहे. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून या २०२१ च्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम, त्यात मानसशास्त्रही, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला यूजीसीने मनाई केली. तरीही कोणी 'ऑनलाइन एमए सायकॉलॉजी, प्रवेश सुरू' म्हणून फोन करत असेल तर त्याच्याकडे त्या वर्षाचं यूजीसीचं मान्यतापत्र मागा. बहुतेकदा पुढचा फोन येत नाही.

सहा आठवड्यांत 'सर्टिफाइड काउन्सेलर' करणाऱ्या कोर्सबद्दल जास्त लिहीत नाही. छंद म्हणून करा, पदवी म्हणून धरू नका.

चार वर्षांची ऑनर्स पदवी असलेल्यांना एका वर्षात एमए करायची सोय नव्या चौकटीत आहे. वर्ष वाचतं, हे खरं. पण समुपदेशनात वाचलेलं वर्ष म्हणजे बहुधा गेलेलं फील्डवर्क. पदवीच्या चौथ्या वर्षात तुम्ही भरपूर प्रत्यक्ष काम केलं नसेल तर दोन वर्षांचाच अभ्यासक्रम घ्या.

पायरी ३: अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही. विद्यापीठाच्या साइटवर एमएचा सत्रनिहाय अभ्यासक्रम असतो. तो डाउनलोड करा आणि तीन ठिकाणी पेन्सिल लावा.

पहिलं, 'प्रॅक्टिकल' कशाला म्हटलंय? आपल्याकडे मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलचा अर्थ बऱ्याचदा प्रयोग आणि चाचण्या असा असतो: स्मृतीचा प्रयोग, बुद्धिमत्ता चाचणी, व्यक्तिमत्त्व चाचणी, मग जर्नल, मग सही. ते शिकायला हवंच, पण ते समुपदेशन नाही. तुम्हाला हवाय तो प्रॅक्टिकम, फील्डवर्क किंवा इंटर्नशिप, जिथे समोर खरा माणूस बसतो.

दुसरं, त्याला क्रेडिट किती? यूजीसीच्या पद्धतीत प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास, सत्राला साधारण ३० तास. चार क्रेडिटचा प्रॅक्टिकम म्हणजे १२० तास. ऐकायला बरं वाटतं. आता त्यातून संस्थेची ओळख करून घेण्याचे दिवस वजा करा, अहवाल लिहिणं वजा करा, केस प्रेझेंटेशन वजा करा, 'आज कोणी क्लायंट आलंच नाही' असे दिवस वजा करा. क्लायंटसमोर बसलेले तास किती उरतात? तुलनेसाठी अमेरिकेतला मापदंड बघा. तिथल्या सीएसीआरईपी (CACREP) या समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या निकषांत प्रॅक्टिकमचे १०० आणि इंटर्नशिपचे ६०० तास लागतात, आणि त्यांतले किमान २८० तास थेट क्लायंटबरोबरचे. आपल्याकडे तेवढं मिळेलच असं नाही. पण १२० मधले १५ मिळतात की ८०, हे विचारायला त्या आकड्याचा उपयोग होतो.

तिसरं, स्पेशलायझेशन कधी आणि कसं मिळतं? अनेक विद्यापीठांत पहिलं वर्ष सामायिक असतं आणि क्लिनिकल, काउन्सेलिंग, औद्योगिक असे गट दुसऱ्या वर्षी पडतात. संलग्न कॉलेजांत पुरेसे विद्यार्थी किंवा शिक्षक नसतील तर काउन्सेलिंगचा गट त्या वर्षी उघडतच नाही, आणि तुम्ही इंडस्ट्रियलच्या वर्गात जाऊन बसता. 'गेल्या तीन वर्षांत काउन्सेलिंगचा गट किती वेळा चालला?' हे ऑफिसात न विचारता विभागात विचारा.

पायरी ४: सुपरव्हिजन कोण देतं, हे खोदून विचारा

निवड एकाच गोष्टीवर करायची म्हटलं तर मी यावर करीन.

सुपरव्हिजन म्हणजे तुम्ही घेतलेलं सत्र अनुभवी समुपदेशकापुढे उलगडून ठेवणं. चांगल्या विभागात तुम्हाला सत्राचं 'व्हर्बॅटिम' लिहायला लावतात: क्लायंट काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात, ओळीला ओळ. समजा असं लिहिलंय:

क्लायंट: रात्री झोप लागत नाही. घरचे म्हणतात, मन रमव कशात तरी.
विद्यार्थिनी: मग एखादा छंद वगैरे लावून बघितलात का?

बाजूला मॅडम पेनाने लिहितात: 'घरच्यांचंच वाक्य तू परत म्हटलंस. रमत नाही म्हणून तर त्या इथे आल्यात. शिवाय झोप कधीपासून गेली, हे विचारायचं राहिलंच.' एवढ्या दोन ओळींनी जे कळतं ते मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सवरच्या पन्नास स्लाइड्समधून कळत नाही. असे शेरे दर आठवड्याला मिळणार असतील तर त्या विभागाची गळकी छत आणि बंद पंखे सहन करा.

विभागात जाऊन किंवा ईमेल करून हे विचारा:

- सुपरवायझर स्वतः क्लायंट बघतात का, की फक्त शिकवतात?
- एका सुपरवायझरकडे किती विद्यार्थी? वैयक्तिक सुपरव्हिजन आठवड्याला मिळतं, की महिन्यातून एकदा गटात?
- फील्डवर्कची जागा विभाग शोधून देतो, की 'तुम्हीच बघा' म्हणतो?
- क्लायंट आत्महत्येबद्दल बोलला तर विद्यार्थ्याने त्याच क्षणी कोणाला फोन करायचा, हे ठरलेलं आहे का? जवळ कोणी मनोविकारतज्ज्ञ जोडलेले आहेत का?

शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर मी त्या अभ्यासक्रमाकडे पाठ फिरवीन, फी कितीही कमी असली तरी. बावीस वर्षांच्या मुलीला अशा प्रसंगात एकटं सोडणं तिच्यासाठी आणि क्लायंटसाठीही धोक्याचं आहे.

फील्डवर्कच्या बाबतीत जागेला महत्त्व आहे. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातल्या विभागाच्या नावातच समुपदेशन केंद्र आहे: उपयोजित मानसशास्त्र विभाग व समुपदेशन केंद्र. टाटा संस्थेच्या आवारात २०१२ पासून 'आयकॉल' ही हेल्पलाइन चालते. ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, आहे. आसपास अशी कामं चालू असली की शिकायला माणसं भेटतात. लहान शहरात असाल तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि चांगली एखादी संस्था आपल्या कॉलेजशी जोडलेली आहे का, हे बघा. ती असेल तर पुण्या-मुंबईला जायलाच हवं असं नाही.

पायरी ५: क्लायंटची भाषा

पुस्तकं इंग्रजीत, लेक्चर इंग्रजीत, परीक्षा बहुधा इंग्रजीत. आणि समोर बसलेली बाई सांगते, 'छातीत धस्स होतं, हातपाय गळून जातात, देवळात गेले की जरा बरं वाटतं.' हे ऐकून पुढचा प्रश्न मराठीत सुचायला सराव लागतो. विभागात मराठी किंवा हिंदीत सत्र घेतलं तर व्हर्बॅटिम त्याच भाषेत चालतं का, आणि वाचणाऱ्या सुपरवायझरला ती भाषा येते का, हे विचारा. बेंगळुरूच्या एखाद्या नावाजलेल्या कॉलेजात एमएस्सी करायचा विचार असेल तर हा प्रश्न जास्तच लागू आहे. तिथे शिक्षण उत्तम मिळेल, पण नंतर सांगलीत किंवा अकोल्यात प्रॅक्टिस करायची असेल तर भाषेची तयारी स्वतःची स्वतः करावी लागेल.

पायरी ६: तारखा

चांगले विद्यार्थी सगळ्यात जास्त इथे मार खातात. टाटा संस्थेचा आणि केंद्रीय विद्यापीठांचा प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो. त्याचे अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. म्हणजे टीवायच्या शेवटच्या सत्राच्या आधीच अर्ज भरलेला असायला हवा. जूनमध्ये निकाल लागल्यावर शोधाशोध सुरू केली तर या जागा हातच्या गेलेल्या असतात. राज्यातली विद्यापीठं आणि खासगी विद्यापीठं आपापल्या वेळापत्रकाने चालतात. काहींची स्वतःची प्रवेश परीक्षा आणि मुलाखत असते. डिसेंबरात एक वही करा आणि प्रत्येक जागेची अर्जाची शेवटची तारीख, परीक्षा आणि लागणारी कागदपत्रं लिहून काढा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला यांची मुदत तेव्हाच तपासा, कारण तहसील कार्यालयातली जूनची रांग तुम्हाला माहीतच आहे. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवरही हेच दाखले लागतात.

मुलाखतीत 'समुपदेशक का व्हायचंय?' हे विचारणारच. 'मैत्रिणी मला सगळं सांगतात' हे उत्तर त्या दिवशी पॅनेलने कितीतरी वेळा ऐकलेलं असतं. त्याऐवजी आधी काहीतरी करून जा. पुण्यातली कनेक्टिंग, मुंबईची समॅरिटन्स यांसारख्या हेल्पलाइन स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन घेतात. काही महिने फोनवर लोकांचं ऐकलंत की दोन गोष्टी होतील: मुलाखतीत सांगायला खरं काही असेल, आणि हे काम आपल्याला झेपतं का तेही कळेल. झेपत नाही असं कळलं तर दोन वर्षं आणि फी वाचली.

पायरी ७: पैशाचा खरा हिशेब

सरकारी विद्यापीठ आणि अनुदानित कॉलेजात एमएची फी हजारांत असते, खासगी विद्यापीठात लाखांत. पण फीपलीकडचे खर्च कोणी सांगत नाही. फील्डवर्कच्या जागेपर्यंतचा प्रवास. काही विभाग सुचवतात ती स्वतःची थेरपी. आणि एमए झाल्यावर पहिली काही वर्षं बाहेरून विकत घ्यावं लागणारं सुपरव्हिजन. सुरुवातीचा पगार बहुतेक शाळांत आणि संस्थांत बेताचाच असतो. स्वतःचं क्लिनिक थाटून पहिल्या वर्षी घर चालेल या भ्रमात राहू नका. त्यामुळे मोठं शैक्षणिक कर्ज काढून हे एमए करण्याच्या मी विरोधात आहे. एवढे पैसे मोजायचेच असतील तर चौथ्या पायरीतल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या विद्यापीठाकडून लेखी घ्या.

परदेशी जायचं असेल तर

अमेरिकेत समुपदेशकाचा परवाना प्रत्येक राज्य वेगळा देतं. सीएसीआरईपी मान्यतेचा अभ्यासक्रम साधारण ६० क्रेडिटचा असतो, म्हणजे दोन वर्षांहून जास्तच लागतात. त्यानंतर परवान्यासाठी देखरेखीखालचे हजारो तास भरावे लागतात. मेख इथे आहे: समुपदेशनाची पदवी 'स्टेम', म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या यादीत बसत नाही, त्यामुळे ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करायची परवानगी, १२ महिन्यांचंच मिळतं आणि तेवढ्यात ते तास भरणं फार अवघड. कॉम्प्युटरवाल्या चुलतभावाचं गणित इथे लागू होत नाही. ब्रिटनमध्ये 'काउन्सेलर' हे नाव कायद्याने राखीव नाही, पण 'काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट' आहे. त्यासाठी एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी आणि डॉक्टरेटच्या पातळीचं प्रशिक्षण लागतं. एका वर्षाचं एमएस्सी करून ती नोंदणी मिळत नाही. शिक्षणानंतर राहण्याचा ग्रॅज्युएट व्हिसाही १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचा मिळणार आहे. परत येऊन भारतातच काम करणार असाल तर ही पदवी इथे कुठे धरली जाईल, हे निघायच्या आधी विचारा.

शेवटची पायरी: दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा

यादीत दोन-तीन जागा उरल्या की तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोला, विभागप्रमुखांनी गाठ घालून दिलेल्या नव्हे, कँटीनमध्ये भेटलेल्या. 'कॉलेज कसं आहे?' विचारलंत तर 'छान आहे' ऐकाल. त्याऐवजी 'गेल्या महिन्यात तू किती क्लायंट बघितलेस, आणि शेवटचं सुपरव्हिजन कधी झालं?' असं विचारा. उत्तर द्यायला आठवावं लागत असेल तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं.

आणि प्रवेश घेतलात की पहिल्या फील्डवर्कपासून नोंदवही ठेवा: तारीख, जागा, किती वेळ, कोणत्या प्रकारचं काम, सुपरवायझरची सही. क्लायंटचं नाव त्यात येऊ देऊ नका, सांकेतिक क्रमांक पुरतो. सही त्याच आठवड्यात घ्या. नोंदणीसाठी किंवा परदेशी अर्जासाठी हे तास दाखवायची वेळ येते तेव्हा मॅडम दुसऱ्या कॉलेजात गेलेल्या असतात आणि ऑफिसात त्या वर्षाची फाइल कोणाला सापडत नसते.